स्पेनच्या खालच्या लीगमधलं करिअर : दर 30 जूनला संपणारं आणि पुन्हा सुरू होणारं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा 16 वर्षांचा, कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून खेळतो, डाव्या पायाचा विंगर. एका एजंटाने त्याला दहा महिन्यांसाठी स्पेनमधल्या अकादमीत पाठवायचा प्रस्ताव दिलाय. वर सांगितलंय की, ‘ला लीगा नाही जमलं तरी खालच्या लीगमध्ये व्यावसायिक म्हणून नक्की लागेल, पगार युरोत.’ खरंच असं करिअर होतं का, आणि ते कसं असतं?

मी स्वतः कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेली. फिजिओथेरपी शिकले, पुढच्या शिक्षणासाठी स्पेनला गेले आणि 2012 ते 2022 अशी दहा वर्षं तिसऱ्या पायरीवरच्या दोन क्लबांत काम केलं. खेळाडू प्रशिक्षकाला जे सांगत नाही, बायकोलाही कधी कधी सांगत नाही, ते फिजिओच्या टेबलावर पालथा पडल्यावर सांगतो. चेहरा दिसत नसला की माणूस मोकळा बोलतो. खाली लिहितेय त्यातलं बरंचसं त्या टेबलावर ऐकलेलं आहे.

पहिल्यांदा एजंटाच्या वाक्यातला ‘तरी’ काढून टाका. स्पेनमध्ये खालची लीग म्हणजे वर न जमलेल्यांना वाटलेला प्रसाद नव्हे. तिथे पोचणारा मुलगा बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या वर्षापासून संघटित फुटबॉल खेळलेला असतो, आपल्या प्रांताच्या वयोगटाच्या संघात निवडला गेलेला असतो, आणि कित्येकदा मोठ्या क्लबच्या कांतेरात, म्हणजे घरच्या अकादमीत, चार-पाच वर्षं काढून आलेला असतो. माझ्या टेबलावर असे डिफेंडर आले ज्यांनी 17व्या वर्षी स्पेनच्या राष्ट्रीय युवा संघाची जर्सी घातली होती. 26व्या वर्षी ते 1,500 प्रेक्षकांसमोर खेळत होते, आणि चांगलं खेळत होते.

रचना समजून घ्या, कारण पगार, विमा, प्रवास सगळं त्यावरच ठरतं. वर ला लीगाचे 20 संघ, त्याखाली सेगुंदाचे 22. हे दोन वर्ग पूर्ण व्यावसायिक. त्याखाली 1977 पासून सेगुंदा बे होती, बहुतेक काळ चार गटांत 80 संघांची. 2021 मध्ये स्पेनच्या फुटबॉल महासंघाने ती मोडून प्रिमेरा फेदेरासियोन आणली: दोन गटांत 40 संघ. तिच्याखाली सेगुंदा फेदेरासियोन, पाच गटांत 90 संघ, आणि त्याखाली प्रांतवार 18 गटांची तेर्सेरा. प्रिमेरा फेदेरासियोनमध्ये प्रत्येक गटातून शेवटचे पाच, म्हणजे 40 पैकी 10 संघ दरवर्षी खाली जातात. चौथा भाग! मार्चपासून संघाच्या बसमध्ये जो शांतपणा पसरतो तो या आकड्याचा असतो. संघ खाली गेला की नुसतं गटाचं नाव बदलत नाही. बजेट कापलं जातं आणि निम्मा संघ घर बदलतो.

आता त्या मुलाच्या आयुष्याकडे येते. 14व्या-15व्या वर्षी तो मोठ्या क्लबच्या वसतिगृहात राहायला जातो. 18 झाल्यावर फिलियालमध्ये, म्हणजे त्या क्लबच्या दुय्यम संघात. हे फिलियाल संघ याच लीगच्या शिडीत खेळतात. अट एवढीच की ते मुख्य संघाच्याच वर्गात असू शकत नाहीत. त्यामुळे 19 वर्षांचा पोरगा रविवारी 33 वर्षांच्या, कोपर वापरणाऱ्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, भिडतो आणि तिथे खरा घडतो. हा काळ फार गोड असतो. गवत उत्तम, जेवण उत्तम, मुख्य संघाच्या सरावाला कधीही बोलावणं येऊ शकतं.

मग 23वं वर्ष येतं. याबद्दल एजंट बोलत नाहीत म्हणून मी जरा थांबून सांगते. मी होते त्या काळात सेगुंदा बे मध्ये संघाला 22 खेळाडूंची नोंदणी करता यायची. नोंदणीच्या त्या परवान्याला तिथे ‘फिचा’ म्हणतात. त्यातल्या 23 वर्षांवरच्या खेळाडूंच्या फिचा जास्तीत जास्त 16. बाकीच्या जागा तरुणांसाठी. हेतू चांगलाच होता. परिणाम असा की 22व्या वर्षी जो मुलगा ‘तरुणांच्या जागेवर बसतो’ म्हणून सगळ्यांना हवा असतो, तोच पुढच्या मोसमात 16 पैकी एका जागेसाठी अनुभवी माणसांशी झगडतो. त्याचा खेळ एका वर्षात खालावलेला नसतो, पण बाजारात तो वेगळाच माणूस झालेला असतो. त्याच सुमाराला मोठा क्लब फिलियालमधून त्याला मोकळा करतो. वसतिगृह सुटतं आणि स्वतःची खोली शोधावी लागते. 23-24व्या वर्षी खेळ सोडून दिलेली मुलं मी पाहिलीत, आणि त्यातली कितीतरी टिकलेल्यांपेक्षा पायाने सरस होती. जो टिकतो त्याला दोन गोष्टी आलेल्या असतात: दर वर्षी नव्या गावात, नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पंधरा दिवसांत रुळणं, आणि बाकावर बसूनही सरावात कमी न पडणं.

यापुढचं सगळं करिअर एका तारखेभोवती फिरतं: 30 जून. बहुतेक करार एका मोसमाचे असतात आणि त्या दिवशी संपतात. 1985च्या शाही अध्यादेश क्रमांक 1006 प्रमाणे स्पेनमध्ये व्यावसायिक खेळाडू हा कामगार आहे आणि त्याचा करार मुदतीचाच असतो. आधीचे दिवस याहून वाईट होते. करार संपला तरी किरकोळ वाढ देऊन क्लब खेळाडूला धरून ठेवू शकत असे. ती बेडी तोडायला 1978 मध्ये खेळाडूंची आफे ही संघटना उभी राहिली आणि 1979 मध्ये स्पेनच्या फुटबॉलपटूंनी पहिला संप केला. त्या पिढीचे मला फार आभार वाटतात. आज करार संपलेला खेळाडू मोकळा असतो. मात्र मोकळा म्हणजे जुलैत फोन हातात घेऊन आईवडिलांच्या घरी बसलेलाही. बिनक्लबच्या खेळाडूंसाठी आफे उन्हाळ्यात सराव शिबिरं भरवते. पोराबाळांचे बाप असलेली 30-32 वर्षांची माणसं तिथे बिनपगारी धावतात, कारण ऑगस्टमध्ये कुणाचा तरी राइट बॅक जखमी होईल आणि फोन वाजेल तेव्हा फिटनेस तयार हवा.

पैशांचं स्पष्ट सांगते. सेगुंदा बे मध्ये मी पाहिलेले करार महिन्याला साधारण हजार-बाराशे युरोपासून सुरू व्हायचे. पूर्वी वर खेळलेल्या स्ट्रायकरला तीन-चार हजारही मिळायचे, पण असे संघात एक-दोन. तुलनेसाठी, 2019 मध्ये स्पेनचं किमान वेतन महिना 900 युरो झालं. म्हणजे आमच्या ड्रेसिंग रूममधले कित्येक जण दुकानातल्या कामगाराच्या जवळपास कमवत होते. शिवाय पगार बऱ्याचदा दहाच महिन्यांचा. उरलेल्या दोन महिन्यांत ‘पारो’, म्हणजे सरकारी बेकारी भत्ता. तो मिळायला मात्र करार व्यावसायिक असावा लागतो आणि क्लबने सोशल सिक्युरिटी भरलेली असावी लागते. खाली तेर्सेराकडे गेलात की हौशी फिचा आणि ‘खर्चापोटी’ दिलेले पैसे. त्यावर भत्ता नाही, पेन्शनीत भर नाही. युरो ऐकून आपल्याकडे डोळे दिपतात, पण घरभाडं, गाडीचं पेट्रोल आणि दरवर्षीचं बिऱ्हाड हलवणं वजा केलं की हातात फारसं उरत नाही. म्हणून अनेक जण दुसरं काम करतात.

पाब्लो इन्फान्ते हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. मिरांदा दे एब्रो हे चाळीस हजारांच्या आतबाहेर वस्तीचं रेल्वेचं गाव. तिथला मिरांदेस क्लब 2011-12 मध्ये सेगुंदा बे मध्ये असताना व्हियारेआल, रासिंग आणि एस्पान्योल या ला लीगाच्या तीन संघांना हरवून कोपा देल रेच्या, म्हणजे सगळ्या वर्गांतले क्लब एकत्र खेळतात त्या स्पेनच्या चषक स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत गेला. त्या मोहिमेत सर्वाधिक चमकलेला इन्फान्ते सकाळी बुर्गोस प्रांतातल्या एका छोट्या गावात बँकेची शाखा सांभाळायचा आणि संध्याकाळी सरावाला यायचा. पत्रकारांना त्याचं नवल वाटलं, आमच्या खेळाडूंना वाटलं नाही.

दुखापतीबद्दल लिहिताना हात थोडा जड होतो, पण माझा विषयच तो आहे. गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली की परत सामना खेळायला आठ-नऊ महिने लागतात. घाई केली तर पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. आता हे गणित 30 जूनच्या शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबरनंतर गुडघा गेला तर बरं होण्याआधीच करार संपतो. नोंदणीकृत कामगार म्हणून आजारपणाचा भत्ता चालू राहू शकतो, पण नवा करार देणं कोणत्याही क्लबवर बंधनकारक नाही.

आमच्याकडे एक लेफ्ट बॅक होता, 27 वर्षांचा. नाव सांगत नाही. फेब्रुवारीत कृत्रिम गवतावर वळताना त्याचा डावा गुडघा गेला. मी मैदानात धावत पोचले तेव्हा तो ओरडत नव्हता. बोटं मोजत होता. मला वाटलं भोवळ आली असेल. तो महिने मोजत होता: मार्च, एप्रिल, मे, जून. त्या मोसमात क्लबने तीन महिन्यांचे पगार थकवले होते, त्यामुळे घरभाडंही मित्रांकडून उसनं घेतलेलं. जूनमध्ये त्याचा करार संपला. कागदावर तो आता आमचा खेळाडू नव्हता, पण आम्ही मागच्या दाराने त्याला जिममध्ये येऊ दिलं आणि मी डिसेंबरपर्यंत त्याच्या पायावर काम केलं. कर्णधार मोठा माणूस. दर सोमवारी तो संघातल्या प्रत्येकाकडून 10 युरो घ्यायचा, ज्यांचे स्वतःचे पगार थकले होते त्यांच्याकडूनही. तो मुलगा जानेवारीत एका चौथ्या पायरीच्या क्लबकडून पुन्हा मैदानात उतरला. पहिला थ्रो-इन टाकला तेव्हा आमची निम्मी टीम तिथे गॅलरीत उभी होती.

पगार थकणं हा अपवाद नाही, म्हणून वेगळं लिहिते. 2011 मध्ये ला लीगाची पहिली फेरीच खेळाडूंच्या संपामुळे पुढे ढकलली गेली होती, कारण क्लबांकडे पगाराची थकबाकी तुंबली होती. वरच्यांची ही गत, तर खालच्यांची काय असेल? 30 जानेवारी 2014चा सान्तान्देरचा प्रसंग तिथला कुठलाही खेळाडू विसरलेला नाही. सान्तान्देरचा रासिंग क्लब तोवर सेगुंदा बे मध्ये घसरला होता, कोपाच्या उपांत्यपूर्व फेरीत रेआल सोसिएदादशी परतीचा सामना होता आणि महिनोन् महिने पगार नव्हते. खेळाडूंनी आधीच जाहीर केलं होतं की संचालक मंडळ गेलं नाही तर खेळणार नाही. शिट्टी वाजली, सोसिएदादने चेंडू फिरवला, आणि रासिंगचे अकरा जण मधल्या वर्तुळात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले. मिनिटाभरात पंचांनी सामना थांबवला. घरचं स्टेडियम त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. स्पर्धा गेली, पुढच्या वर्षीच्या कोपातूनही बंदी आली. पण काही दिवसांतच अध्यक्ष पायउतार झाले, आणि तोच संघ त्याच मोसमात सेगुंदात चढला. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा आमच्या ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर त्या वर्तुळाचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला होता.

मग इतकं असूनही माणसं का खेळतात? कारण रविवार खरा असतो. मेलिलाला सामना असला की समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचं. लोग्रोन्योहून परतताना पहाटे तीनला बस थांबवून सगळ्यांनी कॉफी प्यायची. गावातला बेकरीवाला खेळाडूला नावाने हाक मारतो आणि रविवारी वाईट खेळला तर सोमवारी पाव देताना तेही सांगतो. आपल्या पेठेत काय वेगळं होतं? आणि एखादी रात्र अशी येते की सगळा देश तुमच्याकडे बघतो. अल्कोर्कोनने 27 ऑक्टोबर 2009 ला रेआल माद्रिदला 4-0 हरवलं, तेव्हा तो सेगुंदा बे मध्ये होता. अल्कोयानोने 20 जानेवारी 2021 ला त्याच माद्रिदला जादा वेळेत 2-1 हरवलं. त्यांच्या गोलपोस्टमध्ये होता 41 वर्षांचा होसे हुआन, उभी हयात खालच्या वर्गांत काढलेला गोलकीपर. स्पॅनिशमध्ये अतोनात जिद्दीच्या माणसाला ‘अल्कोयानोपेक्षा धीराचा’ म्हणतात. ती म्हण त्या रात्रीपेक्षा कितीतरी जुनी आहे, पण त्या रात्री ती सगळ्यांच्या तोंडी होती.

वर चढणारेही असतात. एन्रिक गायेगो कातालोनियाच्या खालच्या वर्गांत वर्षानुवर्षं खेळला, पोटासाठी ट्रक चालवला, आणि जानेवारी 2019 मध्ये 32व्या वर्षी उएस्काकडून ला लीगात उतरला. अशी उदाहरणं एजंट आवडीने सांगतात. ती खरी आहेत, पण मोजकी आहेत म्हणूनच ती सगळ्यांना पाठ आहेत.

त्याहून जास्त चालू रस्ता आहे परदेशाचा, आणि तो आपल्या दारातून जातो. सायप्रस, ग्रीस, पोलंड, हाँगकाँग, इंडोनेशिया, आणि 2014 पासून भारत. स्पेनमध्ये तिसऱ्या पायरीवर दर जूनला धाकधूक असलेल्या खेळाडूला बाहेर पगार बरा मिळतो आणि राहायला घरही. इगोर आंगुलो बिल्बाओचा, अ‍ॅथलेटिकच्या अकादमीतला. मुख्य संघात मोजकेच सामने मिळाले. नंतर खालचे वर्ग, सायप्रस, ग्रीस. मग पोलंडच्या गुर्निक झाब्झेकडून 2018-19 मध्ये 24 गोल करून तो तिथल्या लीगचा सर्वाधिक गोल करणारा झाला. 36व्या वर्षी एफसी गोवाकडे आला आणि 2020-21च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, 14 गोल करून गोल्डन बूट घेऊन गेला. पुढच्या मोसमात मुंबई सिटी. एदू बेदिया सान्तान्देरचा, रासिंगमध्ये वाढला, बार्सिलोनाच्या दुय्यम संघात खेळला, 2017 मध्ये गोव्याला आला आणि सहा मोसम राहिला. एप्रिल 2021 मध्ये गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा पहिला गोल त्याने डोक्याने मारला. माझ्या ओळखीच्या खेळाडूंना गोवा नकाशावर दाखवावा लागत नसे. बेदियाने तिथे घर केलंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी कोल्हापूरची म्हणजे गोव्याच्या शेजारची, एवढीच माझी ओळख त्यांना पुरायची.

खेळ संपतो साधारण 33 ते 35 दरम्यान. काही जण प्रशिक्षक होतात. स्पेनमध्ये यूएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, प्रशिक्षक परवान्यांचे अभ्यासक्रम खेळता खेळता पुरे करणारे भरपूर आहेत. आपल्या हैदराबादला 2021-22 मध्ये आयएसएल जिंकून देणारे, पुढे भारताचे प्रशिक्षक झालेले मानोलो मार्केस यांचीही बरीच वर्षं कातालोनियाच्या लहान क्लबांतच गेली. इतर कुणी अग्निशमन दलाची परीक्षा देतं, कुणी शाळेत क्रीडाशिक्षक, कुणी सासऱ्याचं दुकान. 25व्या वर्षी दुसरं काहीतरी शिकायला सुरुवात केलेल्यांना हे वळण सोपं जातं. बसमध्ये पुस्तक उघडणाऱ्याची आमच्याकडे सुरुवातीला चेष्टा व्हायची. नंतर तीच मुलं त्याला विचारायला यायची की प्रवेश कसा घ्यायचा.

आता तुमच्या भाच्याचं. तो 16 वर्षांचा आहे, आणि इथेच एजंटाचं म्हणणं पडतं. फिफाच्या नियमांतलं कलम 19 सांगतं की 18 वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. अपवाद मोजके आहेत. मुख्य म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिथे राहायला गेले तर. 16 ते 18ची सवलत युरोपच्या आतल्या मुलांना आहे, भारतीय मुलाला नाही. हा नियम कागदावरच राहत नाही. 2014 मध्ये बार्सिलोनावर आणि 2016 मध्ये रेआल व आतलेतिको माद्रिदवर याच कारणाने खेळाडू घेण्याची बंदी आली होती. मग अकादमीत गेलेला 16 वर्षांचा भारतीय मुलगा काय करतो? सराव करतो आणि मैत्रीपूर्ण सामने खेळतो. महासंघाच्या लीगमध्ये त्याचं नाव लागत नाही, म्हणजे कुणाही क्लबच्या नोंदीत तो दिसत नाही. दहा महिने चांगलं शिक्षण मिळू शकतं, पण ते विकत घेतलेलं शिक्षण असतं; नोकरीची पायरी म्हणून ते विकणारा तुम्हाला फसवतोय.

रस्ता बंद आहे असं मी म्हणत नाही. ईशान पंडिता किशोरवयात स्पेनला गेला, 2016 मध्ये लेगानेसशी करार केला, ला लीगा क्लबशी व्यावसायिक करार करणारा तो पहिला भारतीय. मग लोर्का, पोब्ला दे माफुमेत असे खालच्या वर्गांतले क्लब केले, आणि 2020 मध्ये एफसी गोवातून भारतात परत आला. त्याच्या मागे घरच्यांची वर्षानुवर्षांची तयारी होती, आणि तरीही त्याला नाव भारतात आल्यावरच मिळालं.

म्हणून एजंटाला तीन गोष्टी लेखी विचारा. 18 पूर्ण होईपर्यंत महासंघाची फिचा मिळणार का, आणि कोणत्या कलमाखाली? दहा महिन्यांत गुडघा-घोटा गेला तर शस्त्रक्रिया आणि पुढचे आठ महिने कुणाच्या खर्चाने? बारावीचं काय? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर गोलगोल आलं तर पैसे देऊ नका. दोन वर्षं त्याला इथेच खेळू दे. गोव्याच्या किंवा आयएसएल क्लबांच्या युवा संघांच्या चाचण्यांना न्या, स्पॅनिशचा वर्ग लावा. भाषा आली की तिथे निम्मी लढाई सोपी जाते, हे मी स्वतःवरून सांगते. 18 झाल्यावर ही वाट उघडेल तेव्हा तो आणखी ताकदवान असेल.

तुम्ही लिहिलंय की मागच्या महिन्यात त्याचा उजवा घोटा मुरगळला आणि पट्टी बांधून त्याने दोन सामने खेळले. ते आधी बघा. एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद तोल सांभाळता येतोय का, जिना उतरताना दुखतंय का, हे मला कळवा. व्यायाम मी लिहून पाठवते.